गिऱ्हाईक कुणाचं?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या विठोबाला लोक पासोड्या विठोबा म्हणतात. देवळाच्या आसपास एके काळी पासोड्या विकणारे बसत, म्हणून देवाला हे नाव पडलं. पासोड्या गेल्या, नाव राहिलं. थोडं पुढे दगडूशेठ हलवाई गणपती आहे. तिथे तर मिठाई विकणाऱ्या माणसाचंच नाव गणपतीला लागलं. ही पेठ वसली १७०३ मध्ये, औरंगजेबाच्या पुण्यातल्या मुक्कामाच्या काळात. बुधवार हे नाव तिला पुढे मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत राज्यं बदलली, मालक बदलले, माल बदलला. दुकानं मात्र राहिली, आणि तीही एकाला एक लागून.

आज याच पेठेत तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळा, वायरी, स्विच, एलईडीच्या पट्ट्या आणि मोबाइलचे सुटे भाग मिळतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात, नवी आणि जुनीही. इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टसाठी दहा रुपयांचा एखादा भाग हवा असला, तरी ती इथेच येतात. एकाच गल्लीत तोच माल विकणारी इतकी दुकानं असताना ती जगतात कशी, हा प्रश्न नवख्याला पडतोच. आमच्या तरुण वाचकांपैकी अनेकांना तो हल्ली जास्तच पडलेला दिसतो, कारण त्यांच्यातले पुष्कळजण दुकान काढण्याच्या विचारात आहेत. मोबाइल दुरुस्ती, कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास, इलेक्ट्रिकचं सामान, तयार कपडे, बिर्याणीचं छोटं काउंटर.

हे नवल नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की, देशातल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होतं. नोकरी मिळत नाही म्हणून धंदा, आणि धंद्याला भांडवल नाही म्हणून छोटा धंदा, अशी ही साखळी आहे. त्यामुळे दुकानात गिऱ्हाईक कसं आणायचं हा प्रश्न आमच्या दृष्टीने फक्त व्यवसाय मार्गदर्शनाच्या पुस्तकातला नाही. आपल्या समाजातल्या निम्म्याहून जास्त घरांच्या चुलीशी त्याचा संबंध आहे.

आधी गल्लीचं गणित. शेजारी तोच माल विकणारा बसला म्हणजे आपलं गिऱ्हाईक गेलं, असं वाटतं. प्रत्यक्षात गिऱ्हाईक आधी गल्लीकडे येतं आणि मग दुकानाकडे वळतं. पिंपरीहून किंवा हडपसरहून एखादा माणूस निघतो तो 'तपकीर गल्लीत मिळेल' म्हणून निघतो, तुमचं नाव ऐकून नाही. एका दुकानात नाही मिळालं तर पुढच्यात मिळेल, भाव जास्त वाटला तर चार ठिकाणी विचारता येईल, या भरवशावर तो येतो. हॅरल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एका रस्त्यावरच्या दोन विक्रेत्यांचं गणित मांडलं आणि ते एकमेकांना चिकटून का बसतात हे दाखवलं. बुधवार पेठेने तो निबंध न वाचताच ते ओळखलं होतं. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही जमिनीखालची मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ आणि मंडई या दोन स्थानकांवरून माणूस चालत पेठेत येऊ शकतो. 'तिकडे गाडी लावायला जागा नाही' ही सबब आता तेवढी चालत नाही.

म्हणजे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक गल्ली आणते. तुम्ही आणायचं असतं ते दुसऱ्यांदा येणारं. सगळी मेख इथे आहे, आणि आपल्या मुलांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आणायचा सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे भाव पाडणं. थोडा हिशेब करून पाहू. चार्जिंगची केबल तुम्ही ६० रुपयांना घेतली आणि १०० ला विकली, तर ४० सुटले. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायला ती ८० ला दिली, तर २० सुटतात. भाव उतरला वीस टक्के, पण पूर्वीइतके पैसे गल्ल्यात यायला आता दुप्पट केबली विकाव्या लागणार. जागेचं भाडं तेवढंच आहे, विजेचं बिल तेवढंच आहे, हाताखालच्या मुलाचा पगार तेवढाच आहे. आणि तुम्ही ८० केल्यावर समोरचा ७५ करणारच. भावाच्या शर्यतीत ज्याच्याकडे भांडवल जास्त तो टिकतो, आणि आपल्या बहुतेकांकडे तेच नसतं. शिवाय आता ऑनलाइन विकणारे आहेत. त्यांच्याशी भावाने लढायला जाणारा छोटा दुकानदार लढाईआधीच हरलेला असतो.

भावाला दुसरा पर्याय म्हणून एक जुना उपाय आता नव्याने पुढे येतो आहे, आणि त्याबद्दल बोलणं आम्हाला भाग आहे. 'आपल्या माणसाकडूनच घ्या.' व्हॉट्सॲपच्या गटांत याद्या फिरतात. त्यामागची भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव झाला. त्यानंतर महिन्याभरात राज्याच्या एका मंत्र्याने झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. त्याआधीच्या वर्षी उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींना मालकाचं नाव लावायला सांगण्यात आलं. २२ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. हे सगळं पाहत वाढलेला मुलगा दुकान काढताना विचारतो, पाटीवर काय लिहू? नाव लपवू, की आपल्याच वस्तीत दुकान टाकू?

आमचं मत असं की, हे दोन्ही मार्ग धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा तोट्याचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. पुणे शहरातही प्रमाण साधारण तेवढंच आहे. फक्त आपल्या माणसांच्या जिवावर दुकान चालवायचं ठरवलं की शहरातली दहापैकी जवळजवळ नऊ गिऱ्हाइकं आपण स्वतःहून सोडून दिली. बहिष्काराची हाक देणाऱ्याला जे हवं असतं, ते आपणच त्याच्या हातात दिलं. उरलेलं एक गिऱ्हाईक तरी कसं असतं? त्यातले बरेच जण नात्यातले. नातेवाईक हे पहिलं गिऱ्हाईक असतं आणि पहिली उधारीही तेच असतं. चुलतभावाकडे पैसे मागता येत नाहीत, आणि तो 'घरचंच आहे' म्हणत दोन कव्हरं उचलतो.

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. 'आपला माणूस' हीच जाहिरात झाली की माल आणि हिशेब तपासायची सवय सुटते. बेंगळुरूच्या आयएमए कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाने हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे गोळा केले. जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून पळाला, तेव्हा आयुष्यभराची बचत गमावलेले लोक तिच्या दारात उभे होते. ते फसले, कारण कागद वाचण्याऐवजी त्यांनी दाढी आणि भाषा वाचली. धर्माच्या नावावर गिऱ्हाईक मिळवणारा दुकानदार छोट्या प्रमाणात तेच करत असतो, त्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

आता जुन्या दुकानदारांकडे पाहू. आपली आडनावं एकदा मोठ्याने वाचा. अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, शिकलगार, मोमीन, रंगरेज. ही आडनावं म्हणजे दुकानांच्या पाट्याच आहेत. आणि यातला एकही धंदा फक्त मुसलमानांसाठी नव्हता. मणियार बांगड्या भरायला गावातल्या प्रत्येक घरी जायचा. लग्नाचा चुडा त्याच्या हातून भरला जायचा आणि घरातली म्हातारी त्याला भाव पाडून मागायची. तांबोळ्याची पानं देवापुढेही जात आणि पंगतीनंतरही. पिंजाऱ्याने पिंजलेल्या कापसाच्या गादीवर कोण झोपणार हे त्याने कधी विचारलं नाही. मुलाण्याला तर गावगाड्यात बलुतं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांचं गिऱ्हाईक अख्खं गाव होतं.

ही झाली गावाची गोष्ट. पेठेतलं उदाहरण हवं असेल तर बुधवारातून शेजारच्या रविवार पेठेत जा. तिथे बोहरी आळी आहे. बिजागऱ्या, कुलुपं, साखळ्या, प्लॅस्टिकचं सामान, घरात लागणारी हजार प्रकारची वस्तू. आळीचं नावच एका मुस्लिम जमातीचं आहे, ते कुणी लपवलेलं नाही. 'बोहरा' या शब्दाचं मूळच व्यापार करण्याच्या गुजराती क्रियापदात सांगितलं जातं. पुण्यात घर बांधणारा, दुरुस्त करणारा, सजवणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, सुतार त्याला सांगतो, 'बोहरी आळीत जा, मिळेल.' ती आळी दयेवर चालत नाही आणि एकजुटीच्या घोषणेवरही नाही. खिळ्याचा नेमका आकार तिथे मिळतो, यावर चालते.

मग त्या दुसऱ्या भेटीसाठी नेमकं करायचं काय? आम्ही दुकानदार नाही, संपादक आहोत. पण गिऱ्हाईक आम्ही सगळेच आहोत, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने काही सांगतो. उदाहरण मोबाइल दुरुस्तीचं घेऊ, कारण आपली सगळ्यात जास्त मुलं त्याच धंद्यात शिरताना दिसतात.

फुटलेल्या स्क्रीनचा फोन घेऊन माणूस दुकानात येतो. त्याला डिस्प्लेतलं काही कळत नाही. ओरिजिनल, कॉपी, फर्स्ट कॉपी, काढलेला जुना डिस्प्ले, यांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो आणि बसवल्यावर पहिल्या दिवशी सगळे सारखेच दिसतात. गिऱ्हाइकाला भीती असते ती याची. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये लिहिलं की, बाजारात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट माहिती असते. माल कसा आहे, खरा भाव काय आहे, हे घेणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो फिरतो, घासाघीस करतो आणि शेवटी एका दुकानदाराला धरून राहतो. आपल्याकडे याला गिऱ्हाईक बांधणं म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण बांधायची दोरी कशाची असते ते कळलं पाहिजे. ज्याने आपल्या अज्ञानाचा फायदा घेतला नाही, त्याच्याकडे माणूस परत येतो.

तेव्हा तीन डिस्प्ले काउंटरवर ठेवा, तिन्हींची किंमत सांगा, कोणता किती टिकेल ते सांगा, आणि त्याला निवडू द्या. यातला स्वस्त डिस्प्ले त्याने घेतला तरी हरकत नाही. सहा महिन्यांनी तो बिघडला की तो तुमच्याकडेच येईल, कारण तुम्ही आधीच सांगितलं होतं. पैगंबरसाहेबांची धान्याच्या ढिगाची गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने मदरशात किंवा घरात ऐकलेली असते. बाजारात त्यांनी ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. ती गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो. ती खरं तर काउंटरवरची गोष्ट आहे. कॉपी डिस्प्ले ओरिजिनल म्हणून बसवणं म्हणजे ओलं धान्य खाली घालणं.

फोनच्या धंद्यात आणखी एक अमानत असते. त्यात माणसाचं सगळं आयुष्य असतं. बायकांना फोन दुरुस्तीला द्यायची भीती वाटते ती पैशांमुळे नव्हे, फोटोंमुळे. 'फोन तुमच्यासमोरच उघडला जाईल, पासवर्ड मागितला जाणार नाही' अशी पाटी मराठीत लावा, आणि काम खरोखर समोर करा. टच तपासायला फोन उघडावाच लागला तर गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने उघडू द्या. यासाठी एक जास्तीचं स्टूल आणि टेबलावर एक दिवा लागतो. एवढ्या खर्चात तुम्हाला शहरातल्या अर्ध्या लोकसंख्येचं गिऱ्हाईक मिळू शकतं, जे आज भावाला किंवा नवऱ्याला पाठवतं.

काउंटरमागे एखादी मुलगी असेल तर आणखी चांगलं. हे आम्ही नुसतं समतेचं तत्त्व म्हणून लिहीत नाही, जरी ते तत्त्व आम्हाला प्रिय आहे. आपल्या घरातल्या मुली वाणिज्य शाखा निवडतात, टॅली शिकतात, जीएसटीची विवरणपत्रं दुसऱ्यांच्या कार्यालयात बसून भरतात. आणि घरच्या दुकानात गल्ल्यावर मात्र दहावी नापास भाऊ बसतो, वहीत तीन महिन्यांची नोंद नसते, कुणाची किती उधारी आहे ते त्याच्या डोक्यात असतं. मग दुकान चालत नाही तेव्हा दोष बाजाराला. रोजीत बरकत असावी अशी दुवा सगळेच मागतात, पण रात्री गल्ला मोजून लिहून ठेवायचं काम कुणालातरी करावंच लागतं.

आता बिल. पुणेरी पाट्यांचं आपण फार कौतुक करतो, आणि त्यातली सगळ्यात जुनी पाटी म्हणजे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ती पाहून हसायला ठीक आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तिच्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: विकलेल्या मालाचं बिल न देणं, आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं. म्हणजे सदोष मालाच्या बाबतीत त्या पाटीला अर्थ नाही. गल्लीतली अनेक दुकानं हे पाळत नाहीत, हे खरंच. म्हणूनच जो पाळेल आणि पाळतो असं सांगेल, तो चाळीस दुकानांतून वेगळा दिसेल. बिलावर नाव, फोन, तारीख, भागाचा प्रकार आणि मुदत. छापील पुस्तक परवडत नसेल तर साध्या बिलबुकात हाताने लिहा. सदोष केबल परत घेतली तर तुमचे ६० रुपये जातात. शंभर रुपयांच्या वस्तूवरून भांडण झालं तर तो माणूस जातो, आणि जाताना गूगलवर एक तारा ठेवून जातो.

त्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात. नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते. नाव मराठीत आणि इंग्रजीत, वेळ खरी, शुक्रवारी नमाजसाठी दुकान बंद असेल तर ती वेळही लिहा. बंद दुकानासमोर आलेला माणूस परत येत नाही, सांगून बंद ठेवलेल्या दुकानाला तो समजून घेतो. पुण्याला दुपारी एक ते चार बंद दुकानं समजून घ्यायची सवय आहेच; चितळ्यांनीसुद्धा ती सुट्टी २०१७ मध्ये सोडली, त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर उत्तर द्या, शिवी देऊ नका, आणि मित्रांकडून खोटे पाच तारे लिहून घेऊ नका. वाचणाऱ्याला ते कळतं.

भाषेचा मुद्दा आम्हाला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपण मराठी बोलणारे मुसलमान आहोत. घरात दखनी असेल, मराठी असेल, कोकणी असेल; शाळा पुष्कळांची मराठीतच झाली. तरी दुकानात उभं राहिलं की आपण हिंदीत शिरतो. कोथरूडहून आलेल्या आजींना 'काय पाहिजे, आजी? बसा आधी' असं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरची घडी उलगडते, हे ज्याने पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको. मराठी ही कुणाला खूश करायला वापरायची भाषा नाही, ती आपली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्यातल्या छोट्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटी देवनागरीत हवी, एवढंच कायदा सांगतो. मालकाचा धर्म तिच्यावर हवा किंवा नको, याबद्दल तो गप्प आहे. तेव्हा 'शेख मोबाइल' लिहायचं असेल तर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहा. 'साई मोबाइल' असं नाव घेऊन आत शेख बसलेला आहे हे कळलं, की जे गिऱ्हाईक नावावर गेलं नसतं तेही फसवल्यासारखं वाटून जातं.

बुधवार पेठ म्हटलं की बाहेरची काही पोरं दात काढतात. पेठेतल्या त्या वस्तीची ही चेष्टा आपल्याही मुलांच्या तोंडी ऐकू येते. त्या बायकांनाही फोन लागतो, रिचार्ज लागतो, घरी पैसे पाठवायला यूपीआय लागतं. त्याही गिऱ्हाईक आहेत, आणि त्यांना ताई म्हणून, जास्तीचे पैसे न लावता बिल देणारा दुकानदार कसा माणूस आहे हे गल्लीला लवकर कळतं. आपल्याला कुणी नावावरून वेगळं वागवलं की आपण चिडतो. गल्ल्यावर बसल्यावर आपण कुणाला तसं वागवतो, हे आपल्या हातात असतं.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नये. चांगला माल दिला, गोड बोललं, पक्कं बिल दिलं की बहिष्काराची हाक देणारे शांत होतील, असं आमचं म्हणणं नाही. त्यांचा प्रश्न डिस्प्लेच्या दर्जाचा नव्हताच. आणि आपण चांगले आहोत हे सिद्ध केल्यावरच आपल्याला धंदा करायचा हक्क मिळतो, असंही नाही. वाईट सेवा देणाऱ्या मुस्लिम दुकानदाराचं गिऱ्हाईक जायला हवं, जसं कुठल्याही वाईट दुकानदाराचं जातं. पण जत्रेत दुकान लावण्याचा त्याचा हक्क जाता कामा नये. व्यवसायाचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे. कलम १५ तर दुकानाचं नाव घेऊन सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला दुकानात जाण्यापासून अडवता येणार नाही. संविधान सभेत या कलमातल्या 'दुकान' शब्दावर प्रश्न आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो व्यापक अर्थाने घ्यायला सांगितलं: पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येकजण त्यात येतो. ज्यांना न्हावी शिवत नव्हता आणि वाणी लांबून पुडी टाकत होता, त्यांच्या लढ्यातून हे कलम आलं. मढीसारखा ठराव झाला तर तो प्रशासनाकडे आणि न्यायालयात नेणं हे नागरिकांच्या संघटनांचं काम आहे, एकट्या बांगडीवाल्याचं नाही. त्या कामात आम्ही आहोतच.

याच बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. फुले समाजसुधारक म्हणून आपल्याला माहीत असतात. ते व्यापारीही होते, हे आपण विसरतो. धातूच्या ओतकामाची साधनं ते विकत, बांधकामाची कंत्राटं घेत, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा वाटा होता. ज्या शहराने त्यांच्या शाळेवर शेण फेकलं, त्याच शहरात त्यांनी धंदा केला. घर चालवायला आणि शाळा चालवायलाही पैसा लागत होता, आणि तो त्यांनी बाजारातून कमावला.

आता एक काम, जे जवळजवळ कुणीच करत नाही. प्रत्येक बाजारपेठेत व्यापाऱ्यांची संघटना असते. पार्किंग, अतिक्रमणाची कारवाई, गणेशोत्सवात रस्ते बंद असतानाची मालाची ने-आण, दिवाळीच्या आधीची गर्दी, यावर तिथे निर्णय होतात. दिव्यांच्या माळांचा धंदा करणाऱ्याचं अर्धं वर्ष त्या दोन महिन्यांवर अवलंबून असतं. आपली मुलं तिथे दिसत नाहीत. 'आपलं कोण ऐकणार' असं म्हणून ती वर्गणीही भरत नाहीत आणि मग रस्ता बंद झाल्याचं सकाळी शटर उघडताना कळतं. ज्या शेजाऱ्याबरोबर तुम्ही रोज सुट्टे पैसे बदलता, गिऱ्हाईक आलं तर 'माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघा' असं म्हणता, तोच तिथे बसलेला असतो. उद्या कुणी पत्रक घेऊन गल्लीत आलं, तर ते पहिल्यांदा त्याच्याच हातात पडणार आहे. पुढची बैठक कधी आहे, ते त्याला आज संध्याकाळी दुकान बंद करताना विचारता येईल.